बसाले पाह्यजे का पाहाले?

घर पाडायचं ठरलं की आमच्याकडे ती बातमी नातेवाइकांच्या आधी लाकूडवाल्यांना लागते. मातीच्या भिंती, कवेलू, सारवलेली ओसरी यांना कोणी विचारत नाही. आलेला माणूस चप्पल काढतो, पाणी पितो आणि मान वर करून मयाली, म्हणजे छपराखालच्या आडव्या तुळया, मोजायला लागतो. मग खांब, चौकटी, दारं. खिशातून टेप निघतो, घनफुटाचा हिशोब तोंडी होतो आणि "काकू, लाकडाले उधई तं लागलीच हाये" असं म्हणत भाव पाडायला सुरुवात होते. आमच्या घरी आलेल्या एकाने ती उधई, म्हणजे वाळवी, दाखवायला आपल्या मोटारसायकलच्या किल्लीने मयाल टोकरून पाहिली. किल्ली वाकली. आईने त्याला चहा दिला नाही.

हे लाकूड पुढे कुठे जातं ते मला फार वर्षं ठाऊक नव्हतं. नागपूरच्या बाहेर एका रिसॉर्टात जेवायला गेलो, तेव्हा समजलं. कोणाच्या तरी घराचं दार आडवं टाकून, वर काच ठेवून, त्याचं टेबल केलेलं. कडी-कोयंडा जागच्या जागी, आणि कोयंड्याशेजारी सॉसची बाटली. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू. पण मी जेवण संपेपर्यंत त्या कोयंड्याकडेच बघत होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. इकडे साग म्हणजे इतकी रोजची गोष्ट की त्याचं कौतुक बाहेरच्यांनीच करावं. लहानपणी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक व्हायचा. रक्त आलं म्हणून धाकट्यांना रडवायचा हा ठरलेला खेळ. पावसाळा सरता सरता अळ्या पानांची जाळी करून टाकतात, ती जाळी वहीत ठेवायची. यापलीकडे सागाकडे कोण बघतं? 2023 साली बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपुरातून शोभायात्रा काढून पाठवलं. संसदेची नवी इमारतही त्याच वर्षी उघडली, तिलाही नागपूरकडचं सागवान लागल्याचं पेपरात आलं. तेव्हा गावात ज्याला त्याला आपापल्या घरातल्या मयाली आठवल्या. शिवाय शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा, स्वतःचा साग तोडायचा म्हटलं तरी 1964 चा झाडतोडीचा कायदा आडवा येतो. परवानगी घ्या, मग टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, काढा. म्हणून घराच्या छपराखाली वर्षानुवर्षं सुकून मुरलेल्या लाकडावर व्यापाऱ्यांचा डोळा असतो.

आम्ही विकलं. घर पडायला आलं होतं, आई एकटी, आणि दादाने मागच्या वाडीत स्लॅबचं घर उभं केलं होतं. मयालींच्या पैशात नव्या घराची फरशी झाली, बोअरला मोटर बसली. याचं मला दुःख नाही. मातीच्या घराच्या गारव्याबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे गळणाऱ्या कवेलूखाली घमेली ठेवत काढावा. मागे उरल्या दोनच गोष्टी. सपरीतली, म्हणजे पडवीतली, एक मयाल, जी आईने का कोण जाणे विकू दिली नाही. आणि बंगई, जी कोणी घेतली नाही.

बंगई म्हणजे झोपाळा, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. आमची पाच फूट लांब, दोन फुटांच्या आतबाहेर रुंद. बसायची जागा तीन फळ्या जोडून केलेली, खाली दोन आडव्या पट्ट्या. पाठीला आणि दोन्ही बाजूंना खरादलेल्या गज्यांचा कठडा, त्यातला एक गजा माझ्या जन्माआधीपासून गायब. चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या, वर मयालीत ठोकलेले आकडे.

ती ज्या सपरीत टांगलेली होती, तिथूनच घराचा सगळा कारभार दिसायचा. आबाजी सकाळी तिच्यावर बसून सालदाराला कामं सांगत, चुना-तंबाखू मळत, वर्तमानपत्र येण्याची वाट बघत. दुपारी ते शेतात गेले की बंगई पोरांची. दिवाळीच्या मागेपुढे कापूस घरात यायला लागला की ती कड्यांसकट वर ओढून मयालीला बांधून टाकायची, कारण खाली कापसाची गंजी लागायची. भाव चढेल म्हणून कापूस महिनोन्महिने घरात पडून राहायचा, अंगाला खाज सुटायची, आणि आम्ही पोरं त्या गंजीवर चढून टांगलेल्या बंगईच्या पोटाला हात लावायचो. कापूस विकला गेला की बंगई खाली उतरायची. घरात पैसा आल्याची ती खूण होती. सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी 1972 साली आली, त्याच्याही आधीची ही पद्धत, असं आत्या सांगते. घरातल्या कुठल्याही गोष्टीचं वय ती एकाधिकाराच्या आधी की नंतर असंच सांगते.

आई मात्र बंगईवर बसलेली मी पाहिलेली नाही. सून सासऱ्यासमोर बंगईवर बसत नसे, एवढंच नव्हे, सासरे नसतानाही बसत नसे, कारण ते कधी येतील याचा नेम नसे. आबाजी गेले, बाबा बसायला लागले. बाबाही गेले. तोवर आईला खाली, उंबऱ्याशी, एक पाय दुमडून बसायची इतकी सवय झालेली की बंगई तिच्यासाठी वाळत घातलेल्या पापडांची जागा होऊन बसली.

बंगईचं नुकसान झालं ते ती खाली उतरवल्यावर. टांगलेली होती तोवर उधईला तिच्यापर्यंत यायला रस्ताच नव्हता. घर रिकामं करताना मजुरांनी ती काढून मागच्या मातीच्या भिंतीला टेकवली आणि तिथेच राहिली. मातीतून उधई चढली. उधईला सागाचा पक्का गाभा आवडत नाही, त्यात तेलकट अंश असतो आणि तिला न मानवणारी द्रव्यंही. पण जुने सुतारही काटकसर करत. फळीच्या कडेला सालीजवळचं फिकट, कच्चं लाकूड राहू देत. उधईने नेमकी तेवढीच कड खाल्ली. गाभ्याच्या रेषेशी येऊन ती अशी थांबली होती की कच्चं कुठे संपलं आणि पक्कं कुठे सुरू झालं हे बोटाने दाखवता यावं.

मी ती दुरुस्त करायची काढली तेव्हा घरात तीन मतं पडली. दादाचं मत पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आलं: मशीनने घासून, चकचकीत पॉलिश मारून, पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. वहिनीने मोबाइलवर फोटो दाखवले. तशा बंगया आता तयार मिळतात, मुद्दाम जुन्या दिसतील अशा केलेल्या. माझं मत: काही करायचं नाही, फक्त धूळ पुसायची, उधई मारायची आणि आहे तशी ठेवायची. माझ्या मताला मी फार उच्च समजत होते. आईने मत दिलं नाही. ती म्हणाली, "मिस्त्रीले इचारा."

मिस्त्रीकाका गावातले शेवटचे सुतार. त्यांच्या वडिलांनी आमच्या घरच्या तिफणी, वखर, डवरे भरले. काका स्वतः आता दारं-चौकटी करतात, घाटंजीला फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापून देतात आणि पोळ्याच्या आधी महिनाभर दुसरं काही करत नाहीत. का ते पुढे येईल. त्यांनी बंगई उलटी केली, पट्ट्यांवर टिचकी मारून आवाज ऐकला, पटाशीच्या टोकाने उधईची माती उकरली. दादाचं आणि माझं, दोन्ही म्हणणं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, बसाले पाह्यजे का पाहाले?"

मी काही बोलायच्या आत दारातून आई म्हणाली, "मले बसाचं हाये."

पुढचं सगळं त्या एका वाक्याने ठरलं. पुण्याची बाल्कनी बाद झाली आणि माझं धूळ-पुसणंही.

रंगापासून सुरुवात. वरचा हिरवा ऑइलपेंट दादाच्या लग्नातला, दारांना मारून उरलेला. त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी, आणि सगळ्यात तळाशी एक काळपट थर. तो रंग नव्हता, तेल आणि धूर यांची पुटं होती. दुकानदाराने कॉस्टिक सोडा सुचवला. सोड्याने रंग भराभर निघतो, पण लाकूड काळवंडतं आणि पाणी सांध्यांत शिरून सांधे फुगतात. मशीनने घासायलाही काकांनी नकार दिला. त्यांचं कारण वेगळं होतं: "मशीन रंग खाते अन् लाकूडबी खाते, तिले कायचं समजते?" माझं कारण शिशाचं. जुन्या ऑइलपेंटात शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत ते 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासणं म्हणजे शिशाची धूळ हवेत उडवणं, आणि आमच्या अंगणात शेजारची पोरं दिवसभर असतात. म्हणून रंग ओला करून खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला फडकं, आणि पोरांना हाकलायचं. हाकललेली पोरं भिंतीवर चढून बसली आणि वरून सूचना देऊ लागली.

खरवडायला काकांनी काच वापरली. खिडकीची फुटकी काच. तुकडा हातात धरून, किंचित तिरका करून, स्वतःकडे ओढायचा. धार बोथट झाली की काच पुन्हा तोडायची, नवी धार तयार. सागात सिलिका असते, ती रंध्याची पाती लवकर मारते, म्हणून ही फुकटची धार. आधी रंगाची ओली सालं निघतात. मग काळपट थर. मग एकदम खालून मधाळ तपकिरी रंग वर येतो आणि वास येतो. नवं चामडं आणि तेल यांच्या मधला कुठला तरी. इतक्या वर्षांचं लाकूड, तरी आत वास ओला होता. मी पहिल्या दिवशी वीतभर जागा केली आणि माझा अंगठा कापला. काकांनी तेवढ्या वेळात एक अख्खी फळी.

फळीच्या आडव्या कापावर, जिथे रंग कमी पोचलेला, तिथे वर्षांच्या कड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. साग पाऊस सुरू झाला की वाढतो, उन्हाळ्यात थांबतो, आणि दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ आखतो. चांगल्या पावसाच्या वर्षी कडी रुंद, दुष्काळात चिमटलेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या लोकांनी मध्य भारतातल्या सागाच्या कड्यांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे. आमच्या फळीत एका ठिकाणी चार-पाच कड्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की नखही मावू नये. वऱ्हाडात 1899-1900 चा दुष्काळ फार वाईट गेला होता. झाड केव्हा तोडलं हे ठाऊक असल्याशिवाय या कड्या त्याच वर्षांच्या असं म्हणता येत नाही, आणि मी म्हणतही नाही. पण तिथून काच ओढताना माझा हात आपोआप हलका होत होता.

रंग निघाल्यावर खरा वाद सुरू झाला. आता प्रत्येक खुणेपाशी थांबून ठरवायचं होतं: ही ठेवायची की काढायची?

उजव्या बाजूला फळी किंचित खोल झालेली. आबाजी तिथेच बसत, पाय खाली टेकवून, टाचेने हळूच ढकलत. डोळ्याला दिसत नाही, पण तळहात फिरवला की समजतं. तिथेच कठड्याच्या हातावर चुन्याचे पांढरे डाग, तंबाखू मळून झाल्यावर बोट पुसण्याची जागा. पाठीमागे कोणीतरी खिळ्याने कोरलेलं आकड्यांचं गणित, बहुधा मणांचं, कारण बेरजेत चाळीस शेरांना हातचा एक धरलेला. आणि मधल्या फळीला गेलेली लांब चीर. ती आबाजींनी कधीतरी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, छोटे खिळे मारून आवळलेली. पत्रा गंजून तांबडा झाला होता, पण हिरव्या ताडाच्या झाडाचा एक तुकडा अजून ओळखू येत होता.

मला हे सगळं ठेवायचं होतं. काका एकेक गोष्ट निवाड्याला घेत गेले आणि त्यांची कसोटी माझ्याहून सोपी होती. खोलगट भाग? राहू दे, "बसू बसू झाला, बसाच्या कामाचाच हाये." चुन्याचे डाग? राहू देत, चुना लाकडाला खात नाही. गणित? राहू दे. पत्रा? काढा. "लुगडं फाटन, पायाले लागन, अन् चीर तं थांबली नाई." मी पत्र्यासाठी भांडले. आबाजींच्या हातची दुरुस्ती, घरातला पहिला डालडा, वगैरे. काकांनी पत्रा न काढता नुसता उचकटून दाखवला. खिळ्यांच्या भोवती गंजाने लाकूड काळं, भुसभुशीत झालेलं. पत्र्याने चीर धरली तर नव्हतीच, उलट दोन्ही बाजूंना घट्ट खिळून ठेवल्यामुळे फळीला हलायला जागा उरली नव्हती. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. ती ये-जा अडवली की ते दुसरीकडे फुटतं. पत्रा निघाला. आईने तो फेकला नाही, चुलीमागच्या फटीत खोचला. तिथे त्याचं काय काम आहे ते तिलाच माहीत.

चिरेसाठी काकांनी जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. फळी उलटी ठेवून, चिरेच्या दोन्ही अंगांना मिळून डमरूच्या आकाराची खाच कोरली, फळीच्या निम्म्या जाडीएवढी. तेवढाच डमरू दुसऱ्या सागाच्या तुकड्यातून कापला, त्याचे रेषे चिरेला आडवे येतील असे. कड किंचित उतरती, म्हणजे ठोकत जावं तशी आवळत जाते. सरस लावून, वर लाकडाचा ठोकळा धरून, हातोडीने टप, टप, टप. शेवटच्या ठोक्याला आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला. काका त्या आवाजाचीच वाट बघत होते. बदललेला ऐकला आणि हातोडी खाली ठेवली, वर एकही जास्तीचा ठोका नाही. असे तीन डमरू. चीर बुजवली नाही. ती दिसते, तिच्यात पोस्टकार्डाची कड जाईल. पण ती आता पुढे सरकणार नाही.

उधईने खाल्लेली कड कापून टाकून तिथे नवी पट्टी जोडली. दोन पट्ट्यांचे सांधे ढिले झाले होते. त्यातली जुनी कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, काढली, स्वच्छ केली आणि बांबूच्या मेखा मारून पुन्हा बसवली. खिळा एकही नाही. गायब गजा मात्र तसाच गायब ठेवला. यवतमाळला खरादीवर हुबेहूब करून मिळाला असता, दादाने पैसेही पाठवतो म्हटलं. पण त्या फटीतून आम्ही तिघं भावंडं वर्षानुवर्षं हात घालून आबाजींच्या बंडीच्या खिशातून गोळ्या काढत होतो. इथे माझा हट्ट चालला. बसण्यात त्याने काही बिघडत नाही म्हणून काकांनीही चालवून घेतला.

कड्यांकडे कोणाचं लक्षच नव्हतं, आणि खरा धोका तिथे होता. गंज काढायला त्या डिझेलमध्ये भिजत टाकल्या, रॉकेल आता रेशनला कुठे मिळतं! निघाल्यावर पाहिलं तर आकड्यात अडकणारं वरचं कडं आतल्या बाजूने झिजून निम्म्या जाडीचं झालेलं. एका बाजूने निम्मी झिजली म्हणजे सळईचा आडवा छेद निम्माच उरला. आणि झोका घेताना कड्यांवर नुसतं वजन येत नाही. दोर 45 अंशांपर्यंत मागे गेला तर खालून जाताना ताण दीडपटीच्या वर, 60 अंशांवर दुप्पट. म्हणजे आम्ही पोरं जेव्हा "अजून जोरात" म्हणून ओरडत होतो, तेव्हा त्या कड्याच्या मनात काय चाललं असेल! लोहाराने चारही कडी नवी करून दिली. ती जुन्यांशी जुळत नाहीत. न जुळोत.

आता टांगायची कुठे? स्लॅबला भोक पाडून आकडा बसवता आला असता, पण आईने ठेवलेली ती मयाल अंगणात पडूनच होती. नव्या घरासमोर विटांच्या दोन भिंतींवर तिची टोकं ठेवून पत्र्याची सपरी काढायचं ठरलं. त्यासाठी मयाल साफ करताना टोकावर, जे पूर्वी भिंतीत गाडलेलं होतं, एक ठसा निघाला. गोल, पुसट, आत दोन अक्षरं. वनखात्याचा हातोडा, लाकडावर खात्याची खूण उठवतो तो.

आता, आमच्या घरची प्रसिद्ध कथा अशी की आबाजींनी घराचं सागवान अमावास्येच्या रात्री जंगलातून आणलं. बैलांच्या घुंगरांत कापूस कोंबला, चाकांना तेल पाजलं, आणि फॉरेस्ट गार्डाच्या नाकाखालून चार खेपा केल्या. ही गोष्ट प्रत्येक पिढीने थोडी वाढवून सांगितली. मी सांगितली तेव्हा त्यात वाघ होता. आणि इथे टोकावर सरकारी हातोडा. म्हणजे आबाजींनी रीतसर लिलावात पैसे मोजून माल घेतला होता. मी आत्याला फोन करून हे आनंदाने सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "जप्तीच्या मालालेबी हातोडा मारतेत, बाई."

मी शोधून पाहिलं. 1927 च्या वन कायद्यात तसं खरंच आहे: जप्त केलेल्या मालावर जप्तीची खूण करायची. पण जप्त झालेली मयाल आमच्या घरात कशी आली, याचं उत्तर आत्याकडे नाही. "दंड भरला असन" एवढंच. वाघ अजून गोष्टीत आहे.

मयालीची टोकं विटांत गाडली नाहीत. खाली काँक्रीटचा ठोकळा, टोकांना डांबर, आणि दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळायला जागा, म्हणजे ओल धरून कुजणार नाहीत. मयाल पूर्वीपेक्षा उंचावर गेली म्हणून कड्या लांबवाव्या लागल्या, आणि झोका बदलला. कडी लांब तर झोका संथ. आता एका येरझाऱ्याला तीन सेकंद लागतात. मला तो परका वाटतो. आईला पहिला झोका कसा होता हे माहीतच नाही.

शेवटचं काम तेलाचं. दादाचं चकचकीत पॉलिश किंवा लाखेचं स्पिरिट पॉलिश, दोन्ही नको म्हटलं. ओला पेला ठेवला की लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं आणि बंगईवर चहाचा कप ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी बसत नाही. जवसाचं तेल ठरलं. आईने कपाळाला हात लावला, "जवस चटनीले पुरत नाई अन् तू लाकडाले पाजतं?" पण घाण्याचं कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं, चिकट राहतं, धूळ धरतं. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल आणलं, चटणीला हात न लावता. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, तो लाकूड पिऊन टाकतं. मुरू द्यायचं, उरलेलं कोरड्या फडक्याने निपटून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. एक गोष्ट काकांनी बजावून सांगितली, ती इथे लिहून ठेवते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उन्हाळ्यात तर नक्कीच नको. एकेक फडकं दोरीवर मोकळं वाळत घाला.

फळी गुळगुळीत झाली की नाही हे काकांनी हाताने पाहिलं नाही. सुताराच्या तळव्याला काही लागत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी आईकडून मूठभर कापूस मागितला, सरकी काढलेला. तो फळीवरून अलगद फिरवत नेला. जिथे सल होती तिथे तंतू अडकून राहिले, पांढरे, सरळ उभे. त्या जागा पुन्हा घासल्या, पुन्हा कापूस. कठड्याच्या आतल्या कोपऱ्यांतसुद्धा.

बंगई टांगली त्या संध्याकाळी आई लगेच बसली नाही. आधी दिवा लावला, मग दूध गाळलं, मग शेजारच्या काकू आल्या त्यांना बसवलं. त्या बसल्यावर मग ती बसली, कडेला, डाव्या बाजूला. आता रोज बसते. दुपारी मला फोन करते तो तिथूनच, मागे कडीचा आवाज येतो. त्या आवाजावर तेल घाला म्हटलं तर काका म्हणतात घालू नका, आवाज बदलला की कडं झिजलं समजायचं.

काकांनी मजुरी सांगितली ती मला कमी वाटली, आईला जास्त. त्यांचं मयालीच्या कापलेल्या टोकावर लक्ष होतं. भिंतीच्या मापाला मयाल तोकडी केली तेव्हा उरलेला तुकडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडाचे बैल सजवून फिरवतात, आणि काका महिनाभर तेच करत असतात. अलीकडे बाजारात प्लायवूडचे आणि हलक्या लाकडाचे बैल आले आहेत, त्यांची शिंगं तान्हा पोळा संपायच्या आत मोडतात. सागाच्या बैलाची मोडत नाहीत. "या तुकड्यात बारा जोड्या बसतेत, वयनी," ते म्हणाले, "मजुरीतून कापून घ्या."

तुकडा तीन फुटांचा होता. आईने त्यावर फूटपट्टी ठेवली, हातोड्याच्या ठशाकडचा पाऊण फूट आत्याला दाखवायला बाजूला काढला आणि सव्वादोन फूट त्यांना दिला. मजुरीतून काही कापलं नाही. पण दोन बैल, घुंगरांसकट, आधी आमच्या घरी द्यायचे असं कबूल करून घेतलं.